सव्वा रुपयातले चार आणे

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नव्हतं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. पाचवीची शाळा पलीकडच्या गावी होती आणि नाल्याच्या पुलावरून एकटीने जायची मला भीती वाटायची. घरच्यांनी अडवलं असं मला म्हणता येत नाही. मीच गेले नाही. त्यामुळे चुका दिसल्या तर त्या माझ्याच आहेत.

ही डायरी कृषी केंद्रवाल्याने आमच्या ह्यांना दिवाळीत दिलेली आहे. वर ट्रॅक्टरचं चित्र आहे. ह्यांनी चार पानांवर चक्कीच्या पट्ट्याची मापं लिहिली आणि टाकून दिली. आमची पिठाची चक्की आहे, आर्णीच्या रस्त्यावर, आणि थोडी शेती. दुपारी सासूबाई झोपल्या आणि चक्की सुरू झाली की मी लिहिते. चक्कीच्या आवाजात मला कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि ते बरं वाटतं.

मला बोलता येत नाही. म्हणजे मुकी नाही मी, पण चार माणसांत तोंड उघडलं की घसा बंद होतो. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या बहिणीनेच मागून माझा आवाज काढून घेतलं होतं. म्हणून जी गोष्ट माझ्या मुलीला कधीतरी सांगावी लागेल ती इथे लिहून ठेवते. ती आता साडेतीन वर्षांची आहे. तिला हे वाचायला देईन की नाही ते अजून ठरलेलं नाही.

लग्नानंतर चौथ्या वर्षी मला दिवस राहिले होते. तिसऱ्या महिन्यात ते गेले. मग काहीच नाही. मला एकतिसावं लागलं आणि माझी पाळी थांबली. एक महिना, दोन महिने. मी कोणाला बोलले नाही, पण मनात मी नाचत होते. परसातल्या झाडाच्या चिंचा पदरात घेऊन मी गोठ्यामागे जाऊन खाल्ल्या. आवडत नसताना खाल्ल्या, खाव्याशा वाटायला हव्यात म्हणून. मेडिकलमधून तपासायची पट्टी आणायची तर तिथे पोरगा बसलेला, त्याला काय म्हणायचं म्हणून आणखी महिना गेला. शेवटी ह्यांना सांगितलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "पोटात काही नाही. तुमची अंडी संपत आली आहेत."

मला वाटलं, संपायला मी वापरली कुठे?

त्या म्हणाल्या, "काही बायांची लवकर संपतात. तुमची यात काही चूक नाही. पण तुमच्या अंड्यावर मूल होणं आता कठीण आहे. दुसऱ्या बाईचं अंडं घेऊन होऊ शकतं." मग त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. अंडं दुसऱ्या बाईचं, बीज ह्यांचं, ते बाहेर काचेत एकत्र करायचं आणि गर्भ माझ्या पोटात ठेवायचा. नऊ महिने मीच वाढवायचं. मी त्या गोलाकडे बघत होते. त्यात मी कुठे आहे ते मला दिसत नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीला मी फोनवर रडत सांगितलं. ती दिग्रसला असते, दोन लेकरांची आई. ती म्हणाली, "अवं मंग माहे घे न! मले का करायचे हायेत आता? दोन झाले, ऑपरेशन झालं. पडूनच हायेत."

वाटीभर तुरीची डाळ द्यावी तसं ती बोलली. मला इतका आधार वाटला की काय सांगू. तिचं म्हणजे माझंच. आमच्या दोघींची आई एक, नाकं एकसारखी. आम्ही तिघं नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेलो. बहीण नवीन साडी नेसून आली होती. तिथले डॉक्टर तिच्याशी फार चांगलं बोलले, पण म्हणाले, "नात्यातल्या बाईचं घेता येत नाही. कायदा तसा आहे. बँकेतूनच घ्यावं लागतं. तिचं नाव तुम्हाला कळणार नाही, तुमचं तिला कळणार नाही."

बाहेर बाकावर बसून बहीण म्हणाली, "बँकेत आपले सोताचे पैशे मांगाले गेलं त सायेब उद्या ये म्हंते. अन् अंडे भेटते म्हने!" ह्यांना हसू आलं. मलाही आलं. मग ती रडायला लागली, कारण देणार म्हणून ती मनाने देऊन बसली होती.

ह्यांनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली होती. खाली बघून विचारली. "बाई कोनत्या समाजाची राहीन?"

डॉक्टर म्हणाले, "ते आम्ही सांगत नाही. रक्तगट, उंची, रंग जुळवून देतो. तब्येत तपासलेली असते."

परतीच्या बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत राहिले. कळंब आलं. आम्ही उतरून गणपतीच्या पायऱ्या उतरलो, दर्शन घेतलं आणि पुढच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो. बहीण पाणी आणायला गेली तेव्हा हे बोलले.

"चक्कीवर साऱ्या गावाचं दळन येते. म्या कदी विचारलं का, कोनाची ज्वारी हाय म्हनून?"

मी म्हटलं, "विचारता. डब्यावर नाव लिहून घेता."

ते म्हणाले, "हाव, ते त घेतो." आणि स्वतःच हसले. "मले नाई बोलता येत व तुह्यासारखंच. सही करून टाकू. तुले पायजे न?"

मला पाहिजे होतं. पण मला जे पाहिजे होतं ते माझं असेल का, हे मला ह्यांना विचारायचं होतं. ह्यांचं तर ते असणारच होतं. ते मला विचारता आलं नाही, आणि त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्याजवळच राहिला.

पैसे कसे उभे केले ते लिहीत नाही. तूर गेली, माझ्या बांगड्या गेल्या. ते गेलं ते गेलं. सासूबाईंना एवढंच माहीत होतं की नागपूरला इलाज चालू आहे. अंड्याचं आम्ही त्यांना सांगितलं नाही. ते फक्त आम्हा दोघांना आणि माझ्या बहिणीला माहीत.

सहीच्या दिवशी खूप कागद होते. मी एकेक शब्द बोटाखाली धरून वाचत होते. नर्सबाईंच्या मागे रांग होती. त्या म्हणाल्या, "ताई, सगळं वाचायची गरज नाही." पण मी वाचलं, कारण मला घाई करता येत नाही. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, दाता. हा शब्द मला माहीत होता. आमच्या गावच्या देवळातल्या पंख्यावर दात्याचं नाव रंगवलेलं आहे, बाकड्यावर आहे, समाजमंदिराच्या पाण्याच्या टाकीवर पण आहे. इथे नाव नव्हतं. एक नंबर होता. पंखा देणाऱ्याचं नाव राहतं आणि हे देणारीचं राहत नाही, असं मनात आलं. सही करताना माझं आडनाव रेषेच्या खाली उतरलं.

पहिल्यांदा गर्भ राहिला नाही. दुसऱ्यांदा राहिला. गर्भ ठेवताना पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला, मोहरीपेक्षा बारीक. नंतर रोज कमरेत सुई. ती द्यायला आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई यायच्या. पाचव्या महिन्यात आत काहीतरी हललं. बोरीचं पान पाण्यात फिरावं तसं. मी चुलीसमोर तशीच बसून राहिले आणि भाकर जळाली.

मुलगी यवतमाळला झाली, पोट फाडून. पहिले दोन दिवस मला दूध नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला पहिल्याच दिवशी आलं होतं. मला वाटलं, माझ्या अंगाला कळलं. अंगाला फसवता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी झंपर भिजून गेलं. ती प्यायला लागली आणि मी तिचं डोकं पाहिलं. ओल्या काळ्या केसांची बारीक बारीक वळणं. कुरळे केस. आमच्या घरात कुणाचे नाहीत, ह्यांच्यात नाहीत, माझ्या माहेरात नाहीत.

बघायला येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा. "नाक बापाचं. अन् हे केसं कोनाचे व माय?" सासूबाई ठासून सांगायच्या, "माह्या आज्जेसासूचे होते!" त्या आज्जेसासूला गावात जिवंत असलेल्या कोणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून कोणाला खोडता येत नव्हतं. मी खाली मान घालून लंगोट घडी करायची.

आता विकण्याचं लिहिते. आमच्याकडे ज्या बाईला लेकरू लाभत नाही, तिला झालेलं लेकरू बाराव्या दिवशी विकतात. ज्या बाईची सगळी लेकरं जगलेली आहेत अशा बाईने ते विकत घ्यायचं, आपल्या घरात न्यायचं, आणि मग आईने ते तिच्याकडून सव्वा रुपयाला परत विकत आणायचं. म्हणजे सटवीला वाटतं हे लेकरू हिचं नव्हेच, आणि ती वाटेला जात नाही. सासूबाईंनी हे आधीच ठरवलं होतं. घेणारी बाई म्हणून त्यांनी समोरच्या याडीला सांगितलं होतं.

याडी म्हणजे तिच्या बंजारा बोलीत आई. ती तांड्यावरून आमच्या गल्लीत राहायला आली त्याला तीस वर्षं झाली, सगळं गाव तिला याडीच म्हणतं. सात लेकरं, सातही जिती. शेळ्या पाळायची, दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायची. मी समोरून गेले की ओरडायची, "बोलून पाह्य एखांदा शब्द, फुकट हाय!"

ह्यांनी सासूबाईंना विचारलं होतं, "आपल्यातली कोनी नाई का?"

सासूबाई म्हणाल्या, "आपल्यातली नाई चालत. दुसऱ्याच जातीच्या बाईचं व्हावं लागते लेकरू, तवाच जगते."

ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग हे उठून चक्कीवर गेले.

बाराव्या दिवशी सुपात कपडा अंथरून मुलीला ठेवलं आणि सूप उंबऱ्यावर ठेवलं. याडी आली, माझ्या ओटीत मूठभर ज्वारी टाकली, मुलीला उचललं आणि रस्ता ओलांडून तिच्या घरात गेली. दार लावून घेतलं. मला कोणी सांगितलं नव्हतं की दार लावतात. आतून मुलीचं रडणं येत होतं आणि माझं दूध वाहायला लागलं.

आतून याडी ओरडली, "पोट्टी विकनं हाय! कोनाले पायजे?"

गल्लीतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी उत्तर द्यायचं होतं. मी उंबऱ्यावरचं रिकामं सूप उचललं.

"अवं बोल न," सासूबाईंनी कोपर मारलं.

"कोनाले पायजे? नाईतं मी ठेवून घेते, मले का जड हाय!"

बाया हसल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या तोंडातून "मले" निघालं, ते माझं मलाच ऐकू आलं असेल. पण याडीने दार उघडलं. "कितीत नेतं?" "सव्वा रुपया," सासूबाईच बोलल्या. मी पदराची गाठ सोडली. रुपया होता. चार आणे नव्हते. सासूबाईंना खात्री होती की देवाच्या डब्यात चार आण्याचं नाणं आहे. डबा आणून पालथा केला. पन्नास पैसे निघाले, एक जुनं तांब्याचं नाणं निघालं, चार आणे निघाले नाहीत. ते बंद होऊन किती वर्षं झाली. ह्यांनी दोन रुपये काढले, मग दहाची नोट काढली.

याडी म्हणाली, "म्या का दुकान मांडलं का रे? सव्वा म्हंजे सव्वा. रुपया भेटला, चार आने बाकी." मुलीला माझ्या हातात देता देता तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तवरिक चार आन्याची पोट्टी माही. हे कुरूळ केसं माहे. बाकीची तुही."

सगळ्या बाया हसल्या. सासूबाई सुद्धा हसल्या. मी मुलीला छातीशी धरलं आणि पदराने तिचे केस झाकले.

त्या दिवसापासून याडीने ते सोडलं नाही. सकाळी ओट्यावरून हाक, "मार छोरी कत छ?" म्हणजे माझी पोरगी कुठे आहे. "माह्या केसाले तेल लावलं का? माहे चार आने आनले का?" मुलगी चालायला लागली तशी स्वतःच रस्ता ओलांडून तिच्याकडे जायला लागली. याडी तिला शेळीचं पिल्लू धरू द्यायची, भाकरीवर तूप लावून द्यायची. कोणी विचारलं, तू कोनाची वं, तर मुलगी बोट दाखवायची. आईचं नाव, बापाचं नाव, आणि मग डोक्याला हात लावून, "केसं याडीचे." सगळ्यांना गंमत वाटायची.

आता जे मी कोणालाच सांगितलं नाही ते लिहिते. मुलगी पाच महिन्यांची असताना माझ्या आईने दिलेला जुना कुंकवाचा करंडा मी धुवायला काढला. त्याच्या तळाशी, कुंकवाने लाल झालेलं, चार आण्याचं नाणं होतं. मी ते घासून स्वच्छ केलं. रस्ता ओलांडला की दहा पावलांवर याडी बसली होती. मी गेले नाही. ते नाणं मी कपाटात नागपूरच्या फाईलमध्ये, सोनोग्राफीच्या फोटोजवळ ठेवून दिलं.

का ठेवलं ते तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. तिला वेणी घालताना, न्हाऊ घालताना, रोज माझ्या हातात ते केस यायचे. ती बाई कोण असेल, कुठे असेल, तिच्या डोक्यावर असेच केस असतील का. तिने पंख्यावर नाव सुद्धा लावलं नाही. तिचं माझ्याकडे काहीतरी येणं आहे आणि ते मी कधीच देऊ शकणार नाही. याडी रोज ओरडून मागायची तेव्हा मला वाटायचं, बरोबर आहे, कोणीतरी मागितलंच पाहिजे. पूर्ण दाम दिला आणि मुलगी पूर्ण माझी म्हणून घेतली, तर ती चोरी होईल. सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, भंगारवाल्याला विचारा रे चार आणे. हे म्हणायचे, हाव. मी काही म्हणायची नाही.

असं तीन वर्षं चाललं.

गेल्या महिन्यात याडीचे गुडघे पार गेले. तिचा धाकटा मुलगा पुसदला असतो, तो तिला कायमची न्यायला आला. शेळ्या विकल्या. सकाळी टेम्पो दारात लागला. गल्लीतल्या सगळ्या बाया निरोपाला जमल्या. मी भाकरी टाकत होते. मुलगी मागे खेळत होती असं मला वाटलं.

बाहेर मोठा हशा झाला म्हणून मी दारात आले. माझी मुलगी टेम्पोजवळ उभी होती. अंगणवाडीचं दप्तर पाठीला लावलेलं, चेन तुटलेली, त्यातून तिचा निळा फ्रॉक बाहेर आलेला. चपला हातात. टेम्पोवाला तिला विचारत होता, "तू कुठी चालली वं?"

"याडीसंगं."

"अन् तुही माय?"

"आईनं पैशे नाई देल्ले." ती रडत नव्हती. तिने ते मांडवात पाहुण्यांना सांगावं तसं सांगितलं. "मी याडीची हावो. मले न्या लागते."

बाया पोट धरून हसत होत्या. "पाह्य वं, कशी निंगाली सासरी!" कोणीतरी म्हणालं. मला दिसलं ते वेगळं दिसलं. तिने चपला घातल्या नव्हत्या कारण तिला पट्टा लावता येत नाही आणि तो मीच लावते. माझ्याकडे येऊन पट्टा लावून मागायचा तिला धीर झाला नसेल. ती रात्रीच केव्हातरी मनाने निघाली असेल. तीन वर्षं मी माझ्या हिशोबाने एक नाणं दाबून ठेवलं होतं, आणि ती लहानशी पोर त्याच्या हिशोबाने आपलं गाठोडं बांधून उभी होती.

ओट्यावर बाजेवर बसलेल्या याडीने हसणं थांबवलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

मी घरात गेले. तव्यावर भाकर होती ती तशीच. कपाट उघडलं, फाईल काढली, नाणं मुठीत घेतलं. रस्ता ओलांडला. याडीला म्हटलं, "जरा आत चाल."

ती भिंतीला धरत आत आली. घर रिकामं होतं. मुलगी माझ्या मागे येत होती, तिला बाहेर एका शेजारणीने कडेवर घेतलं. मी मूठ उघडली.

याडी नाण्याकडे बघून म्हणाली, "कई सापडलं?"

"तीन वर्सं झाले."

"अन् मंग?"

मी बोलले. आयुष्यात एवढं एका दमात मी कधी बोलले नव्हते. माझी अंडी संपली होती, नागपूरला दुसऱ्या बाईचं घेतलं, तिचं नाव माहीत नाही, जात माहीत नाही, हे केस खरंच माझे नाहीत, तिचे आहेत, तू बोलतेस ते खरं बोलतेस, आणि त्या बाईचं मला कधीच फेडता येणार नाही. माझ्या कानात चक्की चालल्यासारखा आवाज होत होता.

याडी जमिनीवर बसली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला. मला वाटलं ती आता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगेल, किंवा उठणारच नाही.

"ते बाई," ती म्हणाली, "जिती हाय न?"

"असन. तिले काई होत नाई म्हने त्यानं."

"मंग चांगलं हाय. सुखात राहो बिचारी." तिने मान हलवली. "तिचे तुले देता येत नाई म्हनून माहे दाबून ठेवले का वं? तिचे तुह्यानं कदी फिटत नाई. तिनं मांगतले बी नाई. मी त रोज बोंबलून मांगून राह्यली!"

मी नाणं पुन्हा मुठीत धरलं.

"अन् कोनाची हाय, कोनाची नाई, हे मले कायले सांगतं? म्या सुपातून उचलली तवा विचारलं होतं का? मूठभर जवारी टाकली अन् घेतली. आता मी विकून राह्यली, अन् तू घेऊन राह्यली. एवढाच सौदा हाय." तिने माझा हात धरला आणि उठली. "पन असा अंधाऱ्यात नाई. चाल भायेर."

बाहेर येऊन ती बाजेवर बसली आणि मुलीला आपल्या मांडीवर घेतलं, दप्तरासकट. टेम्पोवाल्याने दोर बांधायचं थांबवलं. याडी शेळी विकायला बाजारात बसावी तशी ओरडली.

"पोट्टी विकनं हाय! केसं, नख, दात, सारं धरून! कोनाले पायजे?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. डोळे एवढे मोठे केले होते तिने.

"मले," मी म्हटलं. पहिल्याच हाकेला, आणि इतक्या मोठ्याने की चक्कीच्या दारात उभे असलेले हे दचकले. "मले पायजे. माही हाय."

"रुपया त्या टायमाले भेटला," याडी म्हणाली. "वरचे?"

मी नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते उन्हात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, दातांनी चावून पाहिलं, तेव्हा बाया पुन्हा हसल्या. मग तिने ते मुलीला दाखवलं आणि तिच्या कानाशी म्हणाली, "पाह्य, देल्ले तुह्या मायनं. सव्वा रुपया पुरा." आणि मुलीला माझ्या हातात देऊन नाणं कमरेच्या पिशवीत टाकून तिने दोरी ओढली.